वैनगंगेकाठी न आलेला लेखक

(खापा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुडयार्ड किपलिंग सिवनीला कधीच आला नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचा तासभर मी तुम्हाला त्याच्याच सिवनीत फिरवणार आहे आणि मधेच कोणी उठून "पण सर, तो तर इकडे आलाच नव्हता" असं म्हणायला नको. मोगली, बल्लू, बघीरा, शेरखान, म्हातारा अकेला, का नावाचा अजगर या सगळ्यांना जन्म देणाऱ्या माणसाने वैनगंगेचा काठ डोळ्यांनी पाहिला नव्हता. 'जंगल बुक' लिहिलं गेलं ते अमेरिकेत, व्हर्मांट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावाजवळ. नवं लग्न, भाड्याचं लहान घर, १८९२ च्या डिसेंबरात जन्मलेली मुलगी जोसेफीन, आणि बाहेर खिडकीला टेकलेला बर्फ. त्या बर्फाकडे बघत त्याने आपला उन्हाळा लिहिला. पहिला भाग १८९४ साली आला, दुसरा १८९५ साली.

तरीही दरवर्षी हजारो माणसं मोगलीचं रान बघायला सिवनीकडच्या पेंचच्या जंगलात येतात. तुमच्यातलेही बरेच जण जाऊन आले असणार. खाप्याहून पारशिवनी, पारशिवनीहून कोलितमारा, की झालंच पेंच. सिल्लारी किंवा खुर्सापारच्या फाटकाने गेलात तर थोडं आणखी अंतर. मध्य प्रदेशाच्या बाजूने टुरियाच्या फाटकावर गेलात, तर मोगलीच्या नावाची दुकानं, मोगलीच्या चित्रांच्या टोप्या, आणि सरकारी पर्यटन खात्याचं 'किपलिंग्ज कोर्ट' नावाचं निवासस्थान. जो माणूस तिथे एक रात्रही राहिला नाही, त्याच्या नावाने लोक तिथे रात्रीचं भाडं भरतात. मला यात चूक काही दिसत नाही. गंमत मात्र दिसते.

आजचा विषय हाच. लहानपणी जीव लावलेल्या पुस्तकातलं गाव, रान, नदी, घर मोठेपणी प्रत्यक्ष बघायला माणूस जातो, तेव्हा तो नेमकं काय बघतो? आणि जाऊन आल्यावर पुस्तकाचं काय होतं?

विषय खाप्यात मांडावासा वाटला याला कारण तुमची कन्हान. ती छिंदवाड्याच्या डोंगरातून निघते, तुमच्या गावावरून वाहते, पुढे वाकीच्या ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावरून कामठीकडे जाते. वाटेत तिला पेंच मिळते, ज्या पेंचच्या नावाने ते जंगल ओळखलं जातं ती. मग दोघींचं एकवटलेलं पाणी अंभोऱ्याला वैनगंगेत जातं. 'जंगल बुक' उघडून पहिली गोष्ट वाचा. शेरखानाचा पत्ता दिलेला आहे: वैनगंगेकाठी, वीस मैलांवर. म्हणजे तुमच्या घाटावरून जे पाणी आज वाहून गेलं, ते शेरखानाच्या नदीला जाऊन मिळणार. खाप्याच्या शाळेतल्या पोराला भूगोलाच्या तासाला हे कोणी सांगतं का, मला ठाऊक नाही. सांगावं.

आता त्या पुस्तकाचा भूगोल जरा उसवून बघू. सिवनीचे डोंगर खरे. वैनगंगा खरी, ती सिवनी जिल्ह्यातच उगम पावते. मोगलीला मुलगा मानणारी मेसुआ आणि तिचा नवरा गावकऱ्यांच्या तावडीतून सुटून ज्या कान्हीवाड्याकडे पळतात, ते कान्हीवाडा आजही सिवनी जिल्ह्यात आहे. ही नावं किपलिंगला मिळाली ती बहुधा रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याच्या पुस्तकातून. हा स्टर्नडेल सातपुड्यात राहिला होता, आणि त्याने १८७७ साली आपल्या मुक्कामांवर जे पुस्तक छापलं त्याच्या नावातच सिवनी आहे. भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक १८८४ चं. किपलिंगचे वडील लॉकवुड यांनीही भारतातली माणसं आणि जनावरं यांवर १८९१ साली मोठं पुस्तक लिहिलं होतं. घरचा ग्रंथ, बाहेरचे दोन ग्रंथ आणि लहानपणच्या मुंबईतल्या आयाच्या गोष्टी, एवढ्या भांडवलावर रान उभं राहिलं.

पण त्याच रानात माकडांनी मोगलीला पळवून नेलं ते पडकं शहर कुठलं? सिवनीत तसं काही नाही. किपलिंग १८८७ साली वार्ताहर म्हणून राजपुतान्यात हिंडला, चित्तोडचा ओसाड किल्ला त्याने तेव्हा पाहिला, आणि अभ्यासकांचा कौल आहे की ते शहर म्हणजे चित्तोड. बघीरा तर पुस्तकातच सांगतो की तो उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला. ज्या कड्यावरच्या आग्यामोहोळांतून मोगली रानकुत्र्यांना झुलवत नेऊन नदीत उडी घेतो, तो कडा वाचताना जबलपूरजवळचं नर्मदेकाठचं भेडाघाट आठवतं. तिथल्या संगमरवरी कड्यांवरची आग्यामोहोळं त्या काळच्या इंग्रजी प्रवासवर्णनांत गाजलेली होती. आणि लांडगे? किपलिंगनेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की रायडर हॅगार्डची एक कादंबरी वाचली आणि त्यातून ठिणगी पडली. ती कादंबरी झुलू लोकांची, आफ्रिकेतली. म्हणजे सिवनीचे डोंगर, राजस्थानचा किल्ला, नर्मदेचा कडा आणि आफ्रिकेचे लांडगे अशी ही वाकळ शिवलेली आहे, आणि शिवणारा बसलाय अमेरिकेत शेकोटीपाशी.

लांडग्यांबद्दल आणखी थोडं, कारण इथे पुस्तक आणि रान यांचं अजिबात जमत नाही. लांडगा हा दाट जंगलातला गडी नाही. त्याला माळ लागतो, मेंढरं लागतात, धनगराच्या वाड्याची सोबत लागते. सोलापूर-नगरकडच्या माळांवर तो सुखाने राहतो, आपल्याकडे झुडपी रानाच्या कडेला कधीतरी दिसतो. पेंचच्या गाभ्यात गाडी घेऊन लांडगे शोधाल तर हिरमोड होईल. तिथे कळपाने शिकार करतात ते रानकुत्रे, आपल्याकडे ज्यांना कोळसून म्हणतात ते. किपलिंगने त्यांना खलनायक केलं, आणि गंमत बघा, ते येतात दख्खनकडून. म्हणजे आपल्या बाजूने! सिवनीच्या सुसंस्कृत लांडग्यांवर दक्षिणेतून आलेली ही धाड. कोळसून जंगलात प्रत्यक्ष बघितलेला माणूस सांगेल की इतकं शिस्तीचं, आपल्या पिल्लांना आधी खाऊ देणारं दुसरं जनावर मिळणं कठीण. लेखकाने त्यांच्यावर अन्यायच केला.

आणि बल्लू! गोष्टीत तो लांडग्यांच्या पोरांना जंगलाचा कायदा शिकवणारा म्हातारा मास्तर. पेंचच्या आसपासच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना विचारा, वाघाची भीती जास्त की अस्वलाची? उत्तर बहुतेक वेळा अस्वल असं येतं. मोह दोघांनाही हवा असतो, बाईलाही आणि अस्वलालाही, आणि दोघंही खाली मान घालून वेचत असतात. समोरासमोर आले की अस्वल शिकवणी घेत नाही. काळा बिबट्या मात्र गेल्या काही वर्षांत पेंचमध्ये खरोखर दिसला, आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले: बघीरा आला. पुस्तक आधी आलं, बघीरा सव्वाशे वर्षांनी.

इथे बसलेल्या चाळिशी-पंचेचाळिशीतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय की त्यांचा मोगली पुस्तकातला नाहीच. तो दूरदर्शनवरचा, रविवार सकाळचा. तो जपानी कार्टून होता, हिंदीत आणलेला, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानाला आवाज आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. सिवनीचा वाघ जपानमार्गे येऊन कोकणी माणसाच्या आवाजात डरकाळी फोडत होता, आणि खाप्यातली पोरं ते बघत होती. आता मला सांगा, यांतली 'खरी' जागा कुठली? ब्रॅटलबरो? तिथलं किपलिंगने स्वतः बांधलेलं 'नौलखा' नावाचं घर आजही उभं आहे आणि भाड्याने राहायला मिळतं. तिथे राहून आलेल्याला मोगलीच्या जन्मस्थानी जाऊन आल्याचं म्हणण्याचा हक्क पेंचला गेलेल्यापेक्षा खरं तर जास्त आहे.

मुंबईतली गोष्ट याहून मजेची. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला; वडील तिथे शिकवत होते. त्या आवारात अधिष्ठात्यांचा हिरवागार झाडीतला जुना बंगला आहे, आणि तिथे किपलिंगच्या जन्माची पाटी आहे. लोक येतात, पाटीसमोर उभे राहतात. पण तो बंगला किपलिंगच्या जन्मानंतर बांधलेला. ज्या घरात तो जन्मला ते केव्हाच गेलं. यात्रेकरूंना त्याची फिकीर नसते. कर्नाटकात तर याच्याही पुढे गेले. आर. के. नारायण यांचं मालगुडी कुठल्याच नकाशात नाही, लेखकाने ते मनाने वसवलं. पण त्यावरची मालिका शिवमोग्गा जिल्ह्यात चित्रित झाली, आणि तिथल्या अरसाळू रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय आहे. जे गाव कुठेच नव्हतं त्याला स्टेशन मिळालं.

आपण विदर्भातल्या लोकांनी हसू नये. आपण हेच फार जुन्या काळापासून करत आलोय. रामटेक घ्या. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून मांडलं, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन जवळच आहे हे दाखवून दिलं. इतर पंडितांनी दुसरे डोंगर पुढे केले. पण रामटेकला कालिदासाचं स्मारक झालं आणि आषाढात ढग भरून आले की आपण तिथेच बघतो. अंभोऱ्याचं भांडण तर थेट मराठीच्या जन्माचं. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो. त्यात वैनगंगेच्या काठचं गाव सांगितलंय. अंभोरेकर म्हणतात ते आमचं, त्यांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी इथेच आहे. अंबाजोगाईकर म्हणतात मुकुंदराज आमचे, त्यांची समाधी आमच्याकडे. मी विदर्भातला माणूस, माझं मत तुम्ही ओळखलंच असेल. शिवाय वैनगंगा काही अंबाजोगाईवरून वाहत नाही. पण एक लक्षात घ्या: मराठीतला आद्य म्हणवला जाणारा ग्रंथ आणि जगातलं सर्वांत प्रसिद्ध जंगलपुस्तक, दोघांत नदी एकच.

आता जरा वेगळी वाट. लेखकाने न पाहिलेल्या जागेबद्दल बोललो. लेखकाने पाहिलेल्या, जगलेल्या जागेचं काय? मराठी घरांत लहानपणी ज्या पुस्तकाने सर्वांत जास्त डोळे ओले केले, ते 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात करून पाच दिवसांत. छापलं गेलं १९३५ साली. पालगड, दापोली, हर्णे, समुद्र, पोफळी, विहीर. आम्ही वऱ्हाड-नागपूरकडची पोरं, संत्र्याच्या बागांत आणि पऱ्हाटीच्या वावरात वाढलेली, समुद्र म्हणजे काय ते आम्हाला त्या पुस्तकानेच सांगितलं. मला तर फार वर्षं वाटायचं की महाराष्ट्रातल्या सगळ्या आया कोकणात असतात.

मोठेपणी मी पालगडला गेलो. खेड आणि दापोलीच्या मधलं ते गाव. गुरुजींचा जन्म तिथला, २४ डिसेंबर १८९९. त्यांच्या घराचं स्मारक केलेलं आहे, नीट ठेवलेलं आहे. सोबत आलेल्या शाळेच्या सहलीतली मुलं विहीर शोधत होती. पोहायला भिणारा श्याम आणि शिमटी घेऊन त्याला घराबाहेर काढणारी आई, हा प्रसंग त्यांना पाठ होता, आणि विहीर त्यांच्या मनात केवढी तरी खोल होती. मी बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. एका मुलीने बाईंना विचारलं, "बाई, पण इथे तर पाणी एवढंसंच आहे, मग श्याम का घाबरला?" बाईंनी जे उत्तर दिलं त्याला तोड नाही. त्या म्हणाल्या, "तू पोहायला शिकलीस का?" ती म्हणाली, "नाही." "मग तुला काय माहीत!"

पालगडला मला जे कळलं ते असं. गुरुजींना ते गाव तळहातासारखं माहीत होतं, तरी पुस्तकातलं पालगड त्यांनी नाशिकच्या कोठडीत, आई जाऊन सोळा वर्षं झाल्यावर उभं केलं. आई १९१७ सालीच गेली होती. मग दूर बसून लिहिणं हे किपलिंगचं एकट्याचं पाप कसं? बघून लिहिणारा आणि न बघता लिहिणारा, दोघेही लिहिताना तिथे नव्हते. फरक कुठे पडतो ते सांगतो. गुरुजींच्या पुस्तकात गावातली माणसं आहेत: सावकार आहे, कर्ज आहे, सुईण आहे, मोळी विकायला आलेली दमलेली महारीण म्हातारी आहे, सोवळं-ओवळं आहे. पालगडला गेलात तर पुस्तकातली माणसं ओळखीची वाटतात. पेंचला गेलात तर जी माणसं भेटतात ती पुस्तकात शोधावी लागतात.

ती माणसं म्हणजे गोंड. सातपुड्याचा हा सगळा पट्टा गोंडांचा. देवगडचं गोंड राज्य छिंदवाड्यात, त्याच घराण्याच्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं. किपलिंगच्या दोन खंडांत गोंड किती येतात? अगदी थोडे. पण एक प्रसंग असा आहे की माझ्या मते साऱ्या पुस्तकातला तो सर्वांत ताकदीचा. मोगली गावावर सूड उगवतो, हत्ती, रानडुकरं, हरणं शेतं फस्त करतात, गावकरी घाबरतात आणि जवळच्या भटक्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात: तुमचे जुने देव आमच्यावर कोपलेत का? तो काळा, बुटका म्हातारा काहीच बोलत नाही. रानकारल्याचा वेल तोडतो, देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो, आणि कान्हीवाड्याच्या रस्त्याकडे हात करतो. म्हणजे निघा. इथे आता कारलंच माजणार. एवढंच करून तो परत रानात जातो. बल्लूचे सगळे कायदे एकीकडे आणि हा मुका हातवारा एकीकडे. न पाहिलेल्या प्रदेशाबद्दल किपलिंगला इतकं नेमकं कसं सुचलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. आणि मग हेही जाणवतं की ज्याला एवढं कळलं होतं त्याने त्या म्हाताऱ्याला नाव मात्र दिलं नाही. अजगराला नाव आहे, साळिंदराला आहे, घारीला आहे.

याच लेखकाने मोगलीची एक गोष्ट इतरांच्या आधी लिहिली होती, १८९३ साली छापलेली. त्यात मोठा झालेला मोगली शेवटी काय होतो? इंग्रज सरकारच्या जंगल खात्यात वनरक्षक. पगार, पुढे पेन्शन. मुलांना ही गोष्ट सहसा सांगत नाहीत, बरंच आहे. पण त्या काळाचं ते खरं चित्र आहे. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारने रानं राखीव केली, आणि ज्यांच्या घराभोवती ती वाढली होती त्यांना तिथलं गवत कापायला, लाकूड आणायला परवाना लागू लागला. जंगलाचा कायदा तेव्हा दोन ठिकाणी लिहिला जात होता, एक व्हर्मांटमध्ये बल्लूच्या तोंडून आणि एक सरकारी राजपत्रात. सातपुड्यातल्या माणसावर लागू झाला तो दुसरा.

आता टुरिया. तेच, जिथे टोप्या विकतात आणि जिथून जिप्सी गाड्या रानात शिरतात. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह चालला होता. आपल्या मुलखात समुद्र नाही, म्हणून इथे जंगल सत्याग्रह झाला. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सुरुवात केली आणि ते लोण वऱ्हाड-मध्यप्रांतात पसरलं. ९ ऑक्टोबर १९३० ला टुरियाला आजूबाजूच्या खेड्यांतले लोक जमले. पोलिसांनी गोळी घातली. चार माणसं मेली: तीन बाया आणि एक पुरुष, सगळे आदिवासी. विळ्याने गवत कापणं हा त्यांचा गुन्हा. मी पहिल्यांदा टुरियाला गेलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. पर्यटक म्हणून गेलो, वाघ न दिसल्याबद्दल कुरकुर करत परतलो. पुढे कुठेतरी वाचताना तारीख समोर आली, आणि मग दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फाटकापाशी गाडी थांबवून शहिदांच्या स्मारकाची वाट विचारली. गाईड म्हणून काम करणारा पोरगा गोंड होता. त्याने मला एकदा नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "आप पहले आदमी हो जो शेर के पहले ये पूछ रहे हो." त्या पोराने 'जंगल बुक' वाचलं नव्हतं. त्याने सिनेमा पाहिला होता, मोगली त्याला आवडत होता. "हमारा ही लड़का है," असं तो म्हणाला.

यावर काही विद्वान मंडळी म्हणतील की किपलिंग साम्राज्यवादी, 'गोऱ्यांचं ओझं' वाहणारी कविता लिहिणारा, त्याचं पुस्तक मुलांच्या हाती देऊच नये. साम्राज्यवादी तो होताच, त्यात काही शंका नाही. आणि त्याच्या पुस्तकातले गावकरी, बढाईखोर बुलदेव शिकाऱ्यापासून सगळे, भित्रे आणि अडाणी रंगवलेत, हेही खरं. पण ज्या गोंड पोराने मोगलीला आपला म्हणून घेतलाय, त्याच्या हातून ते पुस्तक काढून घेणारे आपण कोण? पुस्तक द्या, आणि सोबत टुरियाची हकीकत सांगा.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नाही, पण पेंचला गेल्यावर डोळ्यांत भरते: पाणी. तोतलाडोहचं धरण झालं, पेंचचा प्रवाह अडला, आणि रानाच्या मधोमध मोठा जलाशय झाला. तिथून खाली नवेगाव खैरीचं धरण, आणि नागपूर शहर जे पाणी पितं त्यातला मोठा वाटा या नदीचा. जंगलातल्या जलाशयातल्या मासेमारीवरून ढिवर मंडळी आणि वन खातं यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. मोगलीच्या गोष्टीत दुष्काळात सगळी जनावरं वैर विसरून एका पाणवठ्यावर येतात. आमच्या पाणवठ्यावर खातं, धरण, शहर आणि ढिवर आलेत, आणि तसा तह अजून झालेला नाही. नागपूर-सिवनी महामार्ग चौपदरी करतानाही हाच पेच होता. शेवटी वर गाड्या आणि खालून जनावरं अशी नऊ बांधकामं रस्त्याला करावी लागली, त्यातलं सर्वांत लांब साडेसातशे मीटरचं. कॅमेऱ्यांत त्यांच्याखालून वाघ जाताना टिपले गेलेत. गाडी त्यावरून जाताना पोरांना खिडकीतून खाली बघायला सांगा. दिसणार काहीच नाही, पण बघायला सांगा.

आणि वाघांबद्दल, म्हणजे शेरखानाच्या भाऊबंदांबद्दल, एवढंच. पेंचमध्ये 'कॉलरवाली' म्हणून प्रसिद्ध असलेली वाघीण १५ जानेवारी २०२२ ला म्हातारपणाने गेली. आठ वेळा व्यायली, एकोणतीस बछडे. तिला गावकऱ्यांनी आणि वन खात्याने चितेवर ठेवून अग्नी दिला. किपलिंगच्या गोष्टीत मोगली शेरखानाचं कातडं सोलून सभेच्या खडकावर अंथरतो. सिवनीकरांनी आपली गोष्ट वेगळी लिहिली.

तर मित्रहो, अशा जागी काय बघायचं? मारुती चितमपल्लींची पुस्तकं तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असतील. ते वनाधिकारी म्हणून रानात राहिले, नवेगावबांधच्या तळ्याकाठी हिंडले, पक्ष्यांची नावं गोंडांकडून, ढिवरांकडून विचारून घेतली आणि मग लिहिलं. नवेगावबांधला जाऊन आलेला वाचक सांगतो की पुस्तक अजून जिवंत वाटतं. किपलिंगचं रान बघून आलेला सांगतो की पुस्तक वेगळं आणि रान वेगळं. मला दोन्ही अनुभव हवेत. पण दुसऱ्यात जास्त शिकायला मिळतं, कारण तिथे पुस्तकाने सोडलेल्या जागा मोकळ्या असतात आणि त्या आपल्याला भराव्या लागतात: गोंड म्हाताऱ्याचं नाव, मोह वेचणारी बाई, टुरियाचे चार जीव, पाण्याखाली गेलेली जमीन.

इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत, म्हणून शेवटी एक विनंती करून थांबतो. शाळेत कबचं पथक असेल तर त्याच्या प्रमुखाला 'अकेला' म्हणतात, ते नाव कुठून आलं हे मुलांना आधी सांगा. मग पावसाळ्यानंतरची सहल काढा. एक दिवस अंभोऱ्याला, जिथे तुमची कन्हान वैनगंगेला मिळते; आता तिथे केबलचा पूल झालाय, वरच्या गॅलरीतून संगम नीट दिसतो. दुसरा दिवस टुरियाला. पेंचचा गाभा १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. ९ ऑक्टोबर त्यानंतर आठवडाभराने येतो. त्या दिवसाचं आरक्षण आधी करा, आणि रानात शिरण्याआधी मुलांना स्मारकापाशी उतरवा.